मदत हवी आहे: फोर्ट कोचीत मुक्काम, जुनं घर की पलीकडचं एर्नाकुलम?

मंडळी, डिसेंबरअखेरीस आई, मावशी, लेक आणि मी अशा चौघी कोचीला निघालोय. विमानाची तिकिटं झाली आहेत. मुन्नार, अलेप्पी काही करायचं नाही (मुन्नारचा घाट मावशीला लागतो). एकाच जागी पथारी टाकून फोर्ट कोची आणि मट्टांचेरी निवांत बघायचं. घोडं अडलंय ते हॉटेलवर.

मुख्य मुद्दा आईचे गुडघे. नारायण पेठेतल्या वाड्याचा जिना चढवेना म्हणून तिला कोथरूडला लिफ्टच्या इमारतीत आणलं. आता मला आवडलेलं प्रत्येक हॉटेल नेमकं त्या वाड्याच्या वळणाचं निघतंय. डच नाहीतर पोर्तुगीज काळातलं घर, जाड भिंती, कौलं, मधे अंगण, आणि खोली वरच्या मजल्यावर. पाटीवर 'हेरिटेज' असलं की लिफ्ट नाही, हे मी आता गृहीतच धरलंय. फोटोत चार खांबांचा पलंग सगळे दाखवतात, जिना कुणीही दाखवत नाही. तळमजल्याची खोली मागितली तर बुकिंगच्या साइटवर 'विनंती कळवली आहे' एवढंच उत्तर येतं.

भाऊ म्हणतो, एर्नाकुलमला मरीन ड्राइव्हजवळ लिफ्ट असलेलं साधं हॉटेल घ्या आणि रोज बोटीने पलीकडे जा. त्याच पैशात खोली मोठी मिळते हे खरं आहे. पण मला पटत नाही. किनाऱ्यावरची मासे धरायची मोठी चिनी जाळी बघायची तर सकाळी, नाहीतर उन्हं कलल्यावर. मधल्या वेळात आईला तासभर आडवं व्हायलाच लागतं. खोली पाण्यापलीकडे असली तर एकदा परत गेल्यावर ती संध्याकाळी पुन्हा बाहेर पडणार नाही, आणि मग मी कोचीला जाऊन एर्नाकुलमचे मॉल बघत बसेन. फोर्ट कोचीत राहिलं तर जाळी, परेड ग्राउंड, आणि वास्को द गामाला १५२४ साली जिथे पुरलं होतं ते सेंट फ्रान्सिस चर्च, सगळं हळूहळू चालत होण्यासारखं आहे.

म्हणून कल फोर्ट कोचीकडे. प्रश्न असा की नेमकं कुठे? प्रिन्सेस स्ट्रीट, जेटीजवळचा काल्वती रोड की थेट मट्टांचेरी? बजेट एका खोलीला पाचेक हजार, त्यामुळे ब्रंटन बोटयार्ड हे महागडं हॉटेल बाहेरूनच बघणार. मावशी कडक शाकाहारी आहे, मासळीच्या वासानेही तिचं डोकं उठतं. कुणी वयस्कर माणसांना घेऊन राहिलं असेल तर कृपया सांगा.

खाडीपार: ताई, नोकरीनिमित्त कोचीत राहून आलोय. भावाचं ऐकू नका. प्रिन्सेस स्ट्रीट आणि परेड ग्राउंड यांच्यामधल्या गल्ल्यांत बघा, पाण्यापासून एखादी गल्ली आत. अगदी जेटीजवळ घेतलं तर पलीकडच्या वायपीन बेटावर गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीची वर्दळ आणि जाळ्यांपाशी मासळी बाजार, मावशींना झेपायचं नाही. साइटवरून बुक करण्याआधी सरळ फोन करा. तळमजल्याची खोली, उंबरठ्याला किती पायऱ्या, बाथरूम कमोडचं आहे का, हे विचारून व्हॉट्सअॅपवर फोटो मागवा. होमस्टेवाले बहुतेक पाठवतात.

पलीकडे जायचं झालं तर जुन्या सरकारी बोटीपेक्षा वॉटर मेट्रो घ्या. ती २०२३ साली सुरू झाली आणि २०२४ पासून एर्नाकुलमच्या हायकोर्टापासून फोर्ट कोचीला येते. तिचा धक्का तरंगता आहे, भरती असो की ओहोटी, बोट आणि धक्का एका पातळीत राहतात. आईंना पाय उचलून चढावं लागणार नाही.

एक महत्त्वाचं. ३१ डिसेंबरची रात्र तिथे आहे का तुमची? कार्निव्हलमध्ये मध्यरात्री पाप्पांजीचा, म्हणजे सरत्या वर्षाच्या म्हाताऱ्याचा, भला थोरला पुतळा जाळतात. गर्दी अफाट असते, गाड्या अडवतात, बाहेर पडणं मुश्कील. खोल्यांचे भावही तेव्हा चढलेले असतात.

सुपारीएवढी: मावशींची काळजी नको. मट्टांचेरीत गुजराती रोड आहे, पिढ्यान्‌पिढ्या गुजराती कुटुंबं राहतात, शाकाहारी जेवण मिळतं. जवळच चेरलाईला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्वम मंदिर आहे, तिथे कोकणी कानावर पडेल. मुक्काम मात्र फोर्ट कोचीतच करा, रिक्षाने दोन-अडीच किलोमीटर तर आहे. शुक्रवारी डच पॅलेस बंद, शनिवारी सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनामंदिर) बंद, म्हणून मट्टांचेरी इतर दिवशी ठेवा. पॅलेसला जिना आहे, वरच्या रामायणाच्या भित्तिचित्रांसाठी चढावंच लागतं. सिनेगॉग मात्र आई नक्की बघतील, निळ्या चिनी फरशा पायाखालीच आहेत. आणि डासांचं औषध इथूनच न्या.

धागाकर्ती: दोघांचे आभार. परतीचं विमान १ तारखेला सकाळी आहे, त्यामुळे ३१चं कळलं ते फार बरं झालं. ती रात्र विमानतळाजवळ काढावी का? आणि तळमजल्याच्या जुन्या खोल्यांना ओल असते का? आईला दम्याचा थोडा त्रास आहे.

खाडीपार: काढाच. नेडुंबसेरीचा विमानतळ फोर्ट कोचीहून चाळीसेक किलोमीटर, आणि त्या रात्री गाडी मिळणं नशिबाचा भाग. ३१ला दुपारीच निघा. ओल पावसाळ्यात फार, डिसेंबरात बरीच कमी. तरी फोनवर विचारा की खोलीला अंगणाकडे उघडणारी खिडकी आहे का. नुसता एसी आणि बंद खिडकी असेल तर दुसरं घर बघा.