मदत हवी आहे : 'आर्टिफिशिअल इंटेलिजन्स' (1992) या संकलनाच्या श्रवणसत्रासाठी

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील शेफील्डच्या वॉर्प रेकॉर्ड्स या संगीत कंपनीने 1992 मध्ये काढलेला 'आर्टिफिशिअल इंटेलिजन्स' हा संकलित अल्बम, रागसंगीत ऐकत वाढलेल्या माझ्या मित्रमंडळींना पुण्यात एका श्रवणसत्रात ऐकवण्याचा विचार आहे, आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतातून निघालेले, तरीही घरी बसून लक्षपूर्वक ऐकायचे संगीत ही त्याची भूमिका मुखपृष्ठावरच दिसते: आरामखुर्चीत विसावलेला यंत्रमानव आणि जवळ जमिनीवर पडलेली क्राफ्टवेर्क व पिंक फ्लॉइड या बँडांच्या रेकॉर्डांची वेष्टने. 'एफेक्स ट्विन' म्हणून ओळखला जाणारा संगीतकार रिचर्ड डी. जेम्स येथे 'द डाइस मॅन' या नावाने, तर टेक्नो संगीतकार रिची हॉटिन 'अप!' या नावाने भेटतो, ऑटेकर ही इंग्लिश जोडीही आहे. स्पीडी जे या डच संगीतकाराची 'डी-ऑर्बिट' मला यातली सर्वांत सुंदर रचना वाटते.

सुरुवात मुंबईचे वादक चरणजित सिंग यांच्या 1982 च्या अल्बमने करावी का? रोलंड कंपनीच्या टीबी-303 (बास सिंथेसायझर) आणि टीआर-808 (ड्रम मशीन) या यंत्रांवर त्यांनी राग वाजवले होते, त्यामुळे श्रोत्यांना ओळखीचा धागा मिळेल, असे मला मनापासून वाटते. पुढच्या सत्रासाठी वॉर्पच्या याच नावाच्या अल्बममालिकेतील 1993 चे ब्लॅक डॉग या गटाचे 'बाइट्स' घ्यावे की ऑटेकरचे 'इनक्युनाब्युला', हेही कृपया कारणासह सांगावे. शिवाय, 2022 मध्ये पुन्हा निघालेली या संकलनाची व्हायनल रेकॉर्ड पुण्यात किंवा मुंबईत कोणाकडे असल्यास एका संध्याकाळपुरती मिळू शकेल का?