मदत हवी आहे: द्विपंखी विमानाचा वरचा पंख स्ट्रटांवर बसत नाही

गोंधळी_कारागीर
नमस्कार. जुन्या द्विपंखी विमानाचे किट जोडायला घेतले आहे आणि तीन संध्याकाळी खर्ची घालूनही वरचा पंख जागेवर बसत नाही. मधले चार स्ट्रट, म्हणजे वरचा पंख तोलून धरणारे टेकू, कसेबसे चिकटले, पण बाहेरच्या चार स्ट्रटांची टोके वरच्या पंखातल्या भोकांपर्यंत पोहोचतच नाहीत. दोन्ही बाजूंना साधारण दोन मिलिमीटरची फट राहते आणि बोटाने दाबून ती मिटवावी, तर मधला एखादा स्ट्रट सुटून हातात येतो. सूचनापत्रिका मी तंतोतंत पाळली आहे. रविवारी हे मॉडेल भेट द्यायचे आहे, तेव्हा कृपया नेमका उपाय सांगावा. धीर धरा असे कोणी सांगू नये, तो कधीच संपला आहे.

जुना_स्प्रू
विमान कोणते, प्रमाण कोणते, गोंद कोणता आणि रंग जोडणीच्या आधी दिला की नंतर, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. वैद्याकडे जाऊन नुसते 'दुखते आहे' म्हणण्यासारखे झाले हे.

दोरीवाला
माझ्या अनुभवात द्विपंखी विमानाचे सारे दुखणे दोन पंखांमध्ये ताणलेल्या तारांपाशी असते. पंख जोडण्याआधीच ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोके पाडून घ्यावीत, नायलॉनचा बारीक एकपदरी धागा ओवावा, टोकांना सुपरग्लूचा टिपूस लावावा आणि विझवलेल्या उदबत्तीचे गरम टोक धाग्याजवळून, स्पर्श न करता, फिरवावे. सैल धागा आक्रसून ताठ होतो. मी दुसरे काही वापरत नाही.

गोंधळी_कारागीर
तारांबद्दल मी विचारलेलेच नाही. विमान पहिल्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ सॉपविथ कॅमल, प्रमाण १/७२, गोंद किटसाठी मिळतो तो पातळ सिमेंट. रंग अर्थातच आधी दिला, कारण पंख जोडल्यावर ब्रश मध्ये शिरणार कसा?

जुना_स्प्रू
रंग आधी देण्यात चूक नाही, पण स्ट्रटांच्या खुंट्या आणि पंखातली भोके कोरी ठेवायला हवी होती. हा सिमेंट पॉलिस्टायरीनचा, म्हणजे किटच्या प्लास्टिकचा, पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. मध्ये रंगाचा थर असेल, तर तो फक्त रंगच मऊ करतो आणि सांधा वरवरचा राहतो. पात्याच्या टोकाने खुंट्यांवरचा रंग खरवडून काढावा. स्ट्रट सुटून का येतात, ते एवढ्याने उलगडते. फट का राहते, ते मात्र अजून उलगडलेले नाही.

फोकरप्रेमी
पहिलेच द्विपंखी मॉडेल असेल, तर कॅमल घ्यायलाच नको होते. १९१८ साली आघाडीवर आलेले जर्मन फोकर डी-७ घ्यावे. त्याचे पंख आतूनच इतके भक्कम होते की दोन पंखांमध्ये तारांचे जाळे लागतच नाही, आणि बाहेरचे स्ट्रट इंग्रजी एन अक्षराच्या आकाराचे असल्यामुळे पंख आपसूक नेमक्या कोनात बसतो.

जुना_स्प्रू
रविवारच्या आत त्यांनी नवे विमान करावे, असे म्हणायचे आहे का? आणि त्या डी-७च्या पंखांवरचे बहुकोनी ठिपक्यांचे कापड डिकलने, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील पापुद्र्याने, चढवताना माणूस तारांची आठवण काढून रडतो, हेही सांगून टाका.

रंगारी
मूळ प्रश्न सुटेलच, पण वरच्या बाजूला रंग कोणता दिला आहे? कॅमलवरचा पीसी-१० हा गेरूच्या जातीची पिवळी माती आणि काजळी यांच्या मिश्रणाचा रंग होता. किटच्या डब्यावरच्या चित्रात तो सर्रास गवतासारखा हिरवा दाखवतात, तसा देऊ नये. तो तपकिरीकडेच झुकतो.

दोरीवाला
पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट छटा येते, हे चित्रकलेच्या पहिल्या वर्षालाही ठाऊक असते. वापरातल्या विमानांवर दोन्ही छटा दिसत असणार, त्यामुळे इतके ठामपणे बोलू नये.

मोजपट्टी
रंगाचा वाद जरा बाजूला ठेवू. गोंधळी_कारागीर, विमानाकडे नाकासमोरून पाहिले, तर वरच्या पंखाची दोन्ही टोके वर उचललेली दिसतात का? आणि तसे असेल, तर पंख डब्यातून निघाला तेव्हाच तसा होता का?

गोंधळी_कारागीर
नाही, तो मी सरळ केला आहे. खालचा पंख दोन्हीकडे छान वर चढलेला आणि वरचा मात्र अगदी सपाट होता. साचा बिघडून किट वाकडे आले असणार, म्हणून गरम पाण्यात धरून टोके थोडी वर उचलली. याचा इथे काय संबंध?

मोजपट्टी
सगळा संबंध याचाच आहे. कॅमलचा वरचा पंख मुळातच सपाट होता. कारखान्यात बांधणी सोपी जावी म्हणून तो तसा ठेवला आणि त्याची भरपाई खालच्या पंखाला सुमारे ५ अंशांचा चढ देऊन केली, त्यामुळे दोन पंखांमधले अंतर मध्यापेक्षा टोकांकडे कमी होत जाते. तुमचे स्ट्रट त्या कमी अंतराच्याच मापाचे आहेत. टोके उचलल्यावर ते आखूड पडणारच. मूळ विमानाचा पंख ८.५३ मीटरचा, म्हणजे तुमच्या हातातला जेमतेम ११८ मिलिमीटरचा. एवढ्यात दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे पुष्कळ झाला. पंख सोडवून पुन्हा गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, धरावा, काचेवर सपाट दाबून धरावा आणि तसाच गार पाण्याखाली न्यावा. मग जाड पुठ्ठ्यात खाचा कापून विमान त्यात अडकवावे, आधी गोंदाशिवाय बसवून पाहावे, आणि बाहेरचे स्ट्रट खालच्या पंखात चिकटून किंचित लवचीक असतानाच वरचा पंख ठेवावा.

गोंधळी_कारागीर
पंख काल रात्री बसला. डाव्या बाजूला एका भोकात खुंटी अजून अर्धीच शिरली आहे आणि काचेवर दाबताना मधोमध रंगाला केसाएवढी चीर गेली, पण फट राहिलेली नाही. इतकी साधी गोष्ट पत्रिकेत का लिहिलेली नव्हती, कळत नाही. दोरीवाला, ते नायलॉनच्या धाग्याचे आता पुन्हा सांगाल का?

मोजपट्टी
नायलॉन नको. आक्रसताना तो नुकता सपाट केलेला पंख पुन्हा ओढून पिळवटेल. ताणला जाणारा लवचीक धागा घ्यावा, आणि भेट लहान मुलाला द्यायची असेल तर नक्कीच तोच, कारण बोट लागले तरी तो तुटत नाही.

दोरीवाला
दोन्ही बाजूंच्या तारा आळीपाळीने तापवल्या, तर काहीही पिळवटत नाही. भोके पाडून ठेवली आहेत ना?

गोंधळी_कारागीर
कोणती भोके?