मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलला, आता विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होईना

मंडळी, बाबांच्या पीसीचा मदरबोर्ड विजेच्या झटक्यात जळाला, नवीन बसवला, डिस्क जुनीच आहे, सगळं नीट चालू झालं पण आता खाली उजव्या कोपऱ्यात ते पुसट अ‍ॅक्टिव्हेट विंडोज दिसत राहतं. विंडोज 10 प्रो, 2019 ला डबा विकत घेतलेला, कीचं (अ‍ॅक्टिव्हेशनच्या कोडचं) कार्ड कपाटात जपून ठेवलंय. ओईएम (पीसीसोबतच आलेलं) लायसन्स बोर्डालाच बांधलेलं असतं पण रिटेल (दुकानातून सुटं घेतलेलं) दुसरीकडे नेता येतं ना, आणि कमांड देऊन बघितलं तर रिटेलच दाखवतंय. मायक्रोसॉफ्ट अकाउंट मात्र आधी जोडलंच नव्हतं, त्यामुळे विंडोजच्या ट्रबलशूटरमध्ये (अडचण सोडवायच्या टूलमध्ये) जुना पीसी येतच नाही. तीच की परत टाकू की फोनवरून अ‍ॅक्टिव्हेट करू? कुणी केलंय का? क्रॅक कृपया सुचवू नका, सोसायटीचे सगळे हिशोब त्यावर आहेत.