विजयाबाई, नवं नाटक आणि पडून राहिलेल्या संहिता

विंगेतला: 'रंगायन ही नाट्यसंस्था सुटल्यावर दिग्दर्शक विजया मेहतांनी नव्या नाटकाशी काडीमोड घेतला, पुढे नुसतं धंद्याचं करिअर' असं एकाने लिहिलेलं वाचलं आणि डोकंच फिरलं. अहो १९६० ला रंगायन, १९६६ ला खानोलकरांचं 'एक शून्य बाजीराव', इथपर्यंत सगळे मान डोलावतात. पण बाईंनी नंतर बसवलेलं 'हमिदाबाईची कोठी' काय जुनं नाटक होतं? महेश एलकुंचवारांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात आली, ती वाचून बाईंनी या नागपूरच्या पोराला शोधलं, त्याच्या एकांकिका केल्या आणि पुढे १९८५ ला त्याच लेखकाचं 'वाडा चिरेबंदी' व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. एवढी वर्षं एका लेखकावर नजर ठेवून राहणारा दिग्दर्शक दाखवा आज.

तिसरी घंटा: भक्ती पुरे. बाईंचं 'बॅरिस्टर' जयवंत दळवींच्या स्वतःच्याच कादंबरीवरून, लेखक नावाजलेला, यात धोका कुठला पत्करला? आणि 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ ला रंगायनचंच, पण बसवलं अरविंद देशपांड्यांनी. नंतर दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये नव्या पोरांना जागा दिली ती आविष्कार या संस्थेने. ती चालवणाऱ्या सुलभाताई देशपांडे, अरुण काकडेकाका यांचं नाव कोण घेणार?

संहिता पडून आहे: तुमचं चालू दे ७० सालातलं. माझं दोन अंकी एका नावाजलेल्या दिग्दर्शकाकडे दिलं, 'वाचतो' म्हणाले, मग फोन उचलेनात, आणि शेवटी भेटले तेव्हा काय तर याची एकांकिका कर, स्पर्धेत टाकू! या स्पर्धांनीच लेखक संपवले. तासाभरात बसवायचं, शेवटी धक्का, ब्लॅकआऊट, टाळ्या. दुसरा अंक लिहायची सवयच मोडली लोकांची.

नेपथ्यवाली: हे अजिबात ऐकून घेणार नाही. आमच्या तालुक्यात नाट्यगृहच नाही, कॉलेजच्या एकांकिकेमुळे मी पहिल्यांदा रंगमंचावर पाय ठेवला, लेव्हल्स मीच ओढल्या, लाइट्सही मीच केले. स्पर्धा नसती तर आमच्यासारख्यांना तुमच्या शहरात दारात उभं केलं असतं का कुणी?

संहिता पडून आहे: दार उघडलं, मग पुढे? त्यातले किती जण सिरियलचे एपिसोड लिहितायत बघा.

नेपथ्यवाली: पोट आहे त्यांना. एका प्रयोगाच्या मानधनात घर चालतं का? लेखकांना कशाला दोष, निर्मात्याला विचारा.

विंगेतला: मूळ मुद्दा राहिला बाजूला. दिग्दर्शक नवं नाटक उचलतो म्हणजे फक्त पहिला प्रयोग लावतो असं नाही. लेखकाबरोबर बसून खर्डे वाचायचे, हा प्रवेश का लंगडतोय ते सांगायचं, आणि एक नाटक पडलं तरी त्याचं पुढचं मागायचं. हे काम पोस्टरवर दिसत नाही म्हणून कुणी मोजत नाही.

तिसरी घंटा: 'वाडा'चं मान्य, तेवढंच. पण 'वाडा' आणि त्याचे पुढचे दोन भाग ही त्रयी सलग उभी केली ती चंद्रकांत कुलकर्णींनी, १९९४ ला, तीही आविष्कारसाठी. म्हणजे संस्था लागतेच, एकटा दिग्दर्शक कितीही मोठा असो. तालमीला जागा कोण देणार, तारीख कोण अडवणार?

विंगेतला: संस्था लागते हे मी नाकारलं कुठे? रंगायन काय हवेत होती?

नेपथ्यवाली: पडून आहे वाले, तुमची संहिता मला पाठवा. आमच्या ग्रुपमध्ये मोठ्याने वाचू, नाही आवडली तर तोंडावर सांगू.

संहिता पडून आहे: पाठवतो. पण दोन अंकीच राहील, त्याची एकांकिका करणार नाही.