धर्म गेटबाहेर ठेवा म्हणे! कुणाचा?

बोरकूट: काल इथे एकाने लिहिलं, 'कॉलेज शिकायची जागा आहे, धर्म गेटबाहेर ठेवा', विषय चेंबूरच्या कॉलेजमधली हिजाबबंदी. रात्रभर डोक्यात गेलंय. नऊ पोरी कोर्टात गेल्या, २६ जून २०२४ ला हायकोर्टाने याचिका फेटाळली, मग ९ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने कॉलेजच्या बंदीच्या परिपत्रकाला स्थगिती देताना कॉलेजलाच विचारलं की टिकली-टिळ्यावरपण बंदी घालणार का. द्या की उत्तर.

जुना_मास्तर: अर्धंच सांगू नका. वर्गात बुरखा नाही, हेही त्याच आदेशात आहे. २६ वर्षं शिकवलंय मी, समोर कोण बसलंय ते दिसायला नको?

तिखटमीठ: सर, हिजाबात चेहरा दिसतो. मेडिकलच्या 'नीट' प्रवेश परीक्षेला चालतो की, फक्त तपासणीसाठी लवकर या म्हणतात.

सांगलीकर: आमचं कुणी विचारलं होतं का? आम्ही जैन, ९४ साली बहीण बीएस्सीला झूलॉजी घेऊन बसली, बेडूक कापणार नाही म्हणाली तर सर म्हणे मग बॉटनीला जा, प्रॅक्टिकलचे मार्क गेले ते गेलेच. २०१४ ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवरच्या केंद्रीय आयोगाने, डिसेक्शन (प्राणी कापणं) बंद केलं तेपण बेडकांची दया येऊन, आमची नाही!

जुना_मास्तर: बेडूक न कापता झूलॉजी म्हणजे काठावर बसून पोहणं.

सांगलीकर: तुमच्यासारख्यांनीच मार्क कापले.

घाटावरचा: आता सगळ्यांची सोय होते हो. आयआयटी बॉम्बेच्या मेसमध्ये २०२३ ला शाकाहारींची वेगळी टेबलं झाली, विरोध केला म्हणून एका पोराला १० हजार दंड. आमच्या हॉस्टेलात तर वॉर्डनने माझा सुकटीचा डबा गटारात ओतला, आईने एसटीने पाठवलेला. तो वास कुणाच्या भावनेला लागत होता?

सांगलीकर: सुकटीचा वास सगळ्यांच्याच भावनेला लागतो.

घाटावरचा: बघा!! हेच, हेच म्हणतोय मी. स्वतःसाठी सवलत हवी आणि आमच्या ताटावर नाक मुरडायचं.

बोरकूट: अरे हिजाबावर बोला रे कुणीतरी.

जुना_मास्तर: बरं बाबा, डोक्यावर काय घालायचं ते घाला, मी रिटायर झालोय, मला काय. इंटर्नल परीक्षा गणपतीत नको म्हणून आमचा अख्खा विभाग तारखा सरकवायचा हेही कबूल. पण ती आपली परंपरा आहे.

तिखटमीठ: आपला तो बाब्या 🙏

सांगलीकर: आणि बहिणीच्या मार्कांचं काय?