हरिश्चंद्र चव्हाणांचं तिकीट कापलं, ते बरोबर झालं का?

सुरगाण्याचा:
नोव्हेंबर २०२४ मध्ये चव्हाण साहेब गेले, तेव्हापासून मनात आहे ते लिहितो. १९९५ ला आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात, लाल बावट्याच्या म्हणजे कम्युनिस्टांच्या गडात, ते अपक्ष आमदार झाले. पुढे भाजपकडून २००४ ला मालेगाव, २००९ आणि २०१४ ला दिंडोरी, असे सलग तीनदा खासदार. २०१४ ला त्यांनी ज्या भारती पवारांना हरवलं, त्यांनाच २०१९ ला राष्ट्रवादीतून आणून पक्षाने तिकीट दिलं. पाड्यापाड्यावर कमळ नेणारा माणूस घरी बसला. मी याला अन्यायच म्हणतो.

निफाडकर:
दादा, अन्याय कसला? पंधरा वर्षं खासदारकी मिळाली की. २०१४ ला ते निवडून आले आणि जूनमध्येच त्यांच्या सरकारने कांद्याला टनामागे ३०० डॉलर किमान निर्यात मूल्य लावलं, म्हणजे त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवायचा नाही; पुढच्याच महिन्यात ते ५०० केलं. आमचा खासदार सत्तेत असून आम्हाला काय उपयोग झाला?

सुरगाण्याचा:
मग २०१९ नंतर काय मिळालं? भारतीताई केंद्रात राज्यमंत्री असताना ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली. लाल कांदा चाळीत टिकत नाही, काढला की मिळेल त्या भावाला विकावाच लागतो, हे तुम्हीच जाणता. २०२४ ला त्यांना भास्कर भगरेंनी पाडलं, ते याच रागातून. उमेदवार बदलून धोरण बदललं नाही.

निफाडकर:
हे मात्र मान्य.

पेठची लेक:
कांद्यावर भांडताय, पाण्याचं कोण बोलणार? माझं माहेर सुरगाण्याच्या हद्दीजवळ. एप्रिल आला की विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी गोळा करायचं, हंडा भरेपर्यंत वर बायांची रांग. इतका पाऊस पडतो, पण नार-पार नद्यांचं पाणी गुजरातकडे वाहून जातं. २०२२ मध्ये तिथल्या गावांनी आम्हाला गुजरातेत घ्या म्हणून मागणी केली. आमदारकी, तीन खासदारक्या, आणि गावं राज्य सोडायला निघाली! माणूस साधा होता, फोन उचलायचा, ते सगळं खरं. पण मतं आम्ही पाण्यासाठी दिली होती.

सुरगाण्याचा:
ताई, धरणं, पाणीवाटप राज्याच्या हातात. एकटा खासदार काय करणार?

पेठची लेक:
भाऊ, २०१४ पासून पाच वर्षं केंद्रात आणि राज्यात दोन्हीकडे त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं. तेव्हा तरी भांडायचं होतं. माझी आई आजही पहाटे चारला हंडा घेऊन निघते.