फक्त ‘द लेटर’वाला?

‘‘द लेटर’ गाणारा पोरगा गेला’ एवढ्यावरच अमेरिकन रॉक गायक अ‍ॅलेक्स चिल्टनची बोळवण करू नका हो! ते गाणं १९६७चं, तेव्हा तो जेमतेम सोळा वर्षांचा; आवाज मात्र रात्रभर जागलेल्या बाप्यासारखा घोगरा. माझा जीव अडकला तो त्याच्या पुढच्या बँडमध्ये, मेम्फिसच्या ‘बिग स्टार’मध्ये. १९७२ साली पहिली तबकडी आली, नाव ‘नंबर वन रेकॉर्ड’ (काय दैवदुर्विलास!). समीक्षकांनी डोक्यावर घेतली, पण वितरणाच्या घोळात दुकानांपर्यंत धड पोचलीच नाही. आर. ई. एम., रिप्लेसमेंट्स वगैरे रॉक बँडवाली मंडळी पुढे हीच गाणी ऐकत घडली.

१७ मार्च २०१०ला चिल्टन न्यू ऑर्लिन्समध्ये वारला. तीनच दिवसांनी ऑस्टिनमध्ये बिग स्टारचा कार्यक्रम होता. बाकीच्यांनी तो रद्द केला नाही, त्याच्याच आठवणीत वाजवला.

काल त्या पहिल्या तबकडीवरचं ‘थर्टीन’ लावलं. शेवटपर्यंत ऐकवलं नाही.